जावळाचं टोक

रविवारी चंदना आली की चहा मी ओततो. तिनं ओतला तर अर्धा कपात जातो आणि अर्धा बशीबाहेर, मग ती फडकं आणायला उठते आणि मला ते बघवत नाही. चंदना माझी भाची. वय सव्वीस. तिचे दोन्ही हात लहानपणापासून कापतात. फार नाही, लांबून बघणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही. पण सुईत दोरा ओवणं, टिकली कपाळाच्या मधोमध लावणं, बटण काजात घालणं ही कामं तिला कधी धड जमली नाहीत. शाळेत एका गुरुजींनी तिची वही सगळ्या वर्गाला दाखवून विचारलं होतं की ही वही कोंबडीनं लिहिली का. त्या गुरुजींना मी बाजारात गाठून जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी भूपाल मगदूम. मिरजेच्या पूर्वेला माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. लग्न केलं नाही असं मी सांगतो. खरं म्हणजे आमच्या वेळी बागवाल्या पोराला कुणी मुलगीच देत नव्हतं. मुलींच्या आया म्हणायच्या, शिपाई चालेल, बागायतदार नको, बागेत औषधं फार मारतात. मी त्या बायकांना पुष्कळ नावं ठेवली. आता वाटतं, त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता बागेत औषधाचा पंप घेऊन कुणी फिरत नाही. वेलींवर छप्पर आहे, खालून एक बुटकं यंत्र फिरतं, पान न् पान तपासतं आणि लागलाच तर बुरशीवर एखादा थेंब टाकतं. मी ओट्यावर बसून ते बघतो. आई गेली, धाकटी बहीण पद्मा गेली. घरात मी एकटा, आणि रविवारी चार तास चंदना. बाकीचे सहा दिवस मी रविवारची भाजी काय करायची याचा विचार करण्यात घालवतो, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

चंदना मिरजेच्या केसनोंद केंद्रात काम करते, नोकरी लागल्यापासून तिथंच खोली घेऊन राहते. हे केंद्र काय आहे ते तिनं मला जसं समजावलं तसंच सांगतो. केसाच्या मुळाशी रक्त असतं. त्या दिवशी रक्तात जे असेल त्यातलं कणभर केसात शिरतं. मग केस वर सरकतो, कडक होतो आणि ते कण आत अडकून बसतात. धुऊन जात नाहीत, तेलानं निघत नाहीत, वीस वर्षं पेटीत ठेवले तरी हलत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे तीन दिवस. केंद्रातलं यंत्र एक केस ताणून धरतं आणि टोकापासून मुळापर्यंत प्रकाशाच्या बारीक टोचण्या मारत जातं. प्रत्येक टोचणीला जी वाफ निघते ती तपासतं. कुठलं रसायन, किती, कोणत्या आठवड्यातलं, सगळं आलेखावर उमटतं.

केस कापला की तेवढी नोंद गेली. म्हणून पुरुषांच्या डोक्यावर दोन-चार महिन्यांपलीकडचं काही सापडत नाही. बायकांनी गळलेले केस जमवून केलेली जुनी गंगावनं मात्र यंत्राला फार आवडतात. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे जावळ. बाळाचे केस पाचव्या महिन्यापासून पोटातच उगवायला लागतात. त्यांतले बरेच जन्मानंतर गळतात, पण थोडे टिकतात, आणि पहिल्यांदा कात्री लागेपर्यंत त्यांचं टोक हे आईच्या पोटातलं असतं. जन्माच्या वेळी बाळाचं रक्त बदलतं, त्याची रेघही केसावर दिसते. त्या रेघेपासून मागे मोजत गेलं की पोटातले दिवस एकेक करून वाचता येतात.

हे यंत्र आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, बरं झालं, एकदाचं खरं काय ते कळेल. कळलं की. आमच्या गल्लीतल्या एका बाईचं गंगावन वाचलं, तर त्यात शेजारच्या बागेतलं औषध निघालं, कारण दोघांची विहीर एकच होती. ती दोन घरं तीन पिढ्या एका ताटात जेवलेली, आता एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. दुसऱ्या एका घरात सुनेनं नवऱ्याचे फवारणीचे कपडे आणि बाळाची दुपटी एकाच बादलीत धुतल्याचं निघालं. तिला कुणी काही बोललं नाही. तीच उठून माहेरी गेली आणि परत आली नाही. मग लोकांनी जुन्या पेट्या उघडल्या आणि जावळं, गंगावनं गुपचूप चुलीत घातली. कुणी कुणाच्या ओट्यावर बसायला येईनासं झालं. बसलं तर जुन्या दिवसांचं बोलणं निघतं, आणि जुन्या दिवसांत प्रत्येकानं पंप मारलेला असतो.

आमच्या घरात असं काही निघायचं कारण नव्हतं. दोषी कोण ते आम्ही वीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

चंदना सहा वर्षांची असताना पद्मा आणि दाजी तिला मिरजेच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही बरोबर होतो. दाजी म्हणजे पद्माचे यजमान, जिनगोंडा पाटील, शिरोळकडचे. स्वतःचं रान थोडं, म्हणून लोकांच्या भाजीपाल्यावर पाठीवरच्या पंपानं औषध मारायला जायचे. डॉक्टरांनी चंदनाला दोन्ही हात पुढं धरायला सांगितलं, बोटांवर कागद ठेवला, कागद थरथरला. मग त्यांनी विचारलं, घरात फवारणी कोण करतं. आम्ही सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. पद्मानं बघितलं, मी बघितलं आणि खुर्चीवर बसलेल्या त्या पोरीनंही बघितलं.

डॉक्टरांनी समजावलं ते मला अजून आठवतं. आपल्या नसा एकमेकींना निरोप देतात तो एका द्रव्यानं. निरोप पोचला की तो पुसावा लागतो, त्याला दुसरं द्रव्य असतं. ही औषधं त्या पुसणाऱ्यालाच धरून ठेवतात. फळा न पुसता त्याच्यावर लिहीतच राहिलं तर काहीच वाचता येत नाही, तसं किड्याचं होतं आणि किडा मरतो. माणूस मोठा असतो म्हणून मरत नाही. पण पोटातल्या बाळाच्या नसा अजून जोडल्या जात असतात, तिथं थोडंही पुष्कळ होतं.

पद्मा काविळीनं गेली तेव्हा चंदना सोळा वर्षांची होती. बाराव्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि माझ्याकडे आली. मी बाबांच्या घरात राहणार नाही, एवढंच म्हणाली. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. बहिणीच्या बाराव्याला मला आनंद झाला, कारण रिकाम्या घरात कुणीतरी राहायला येत होतं. दाजी न्यायला आले नाहीत. मीही कधी त्यांना ये म्हटलं नाही.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. गेल्या वैशाखात दाजींच्या शेजारच्या सुनंदाक्कांचा फोन आला. दाजींना कंपवात झालाय हे माहीत होतं. आता घासही नीट गिळता येत नव्हता, डॉक्टरांनी महिन्या-दोन महिन्यांची मुदत दिली होती. लेकीला एकदा बघायचंय, म्हणतात. मी चंदनाला निरोप सांगितला. तिनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. बघते, म्हणाली. पुढच्या रविवारी मात्र तिनं माझ्या घरी राहिलेली आईची जुनी ट्रंक काढली आणि तळाशी तिला चांदीची डबी सापडली.

त्या डबीत तिचं जावळ होतं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसतं. माझ्याच मांडीवर बसून तिनं भोकाड पसरलं होतं आणि मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. केस कणकेच्या गोळ्यात घालून आत्यानं नदीत सोडायचे असतात, पण त्या वर्षी कृष्णेला महापूर होता, नदीकडे कुणाला जाता येईना. पद्मानं थोडे केस डबीत ठेवले आणि मग ते राहूनच गेले.

चंदना म्हणाली की ती हे वाचणार आहे. तिचं म्हणणं सरळ होतं. इतकी वर्षं तिनं बापाला एका डॉक्टरच्या एका प्रश्नावरून दोषी धरलं. त्यांना भेटायच्या आधी तिला नक्की माहीत हवं होतं. जावळात थोडंच काही निघालं, तर ती त्यांच्याकडे जाईल आणि पाया पडेल. भरपूर निघालं, तर जाणार नाही. मला ते बरोबर वाटलं. मी तिला वर शाबासकी दिली.

पुढच्या रविवारी ती आलेख घेऊन आली. ओट्यावर बसून तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला. पाचव्या-सहाव्या महिन्यात बारीक उंचवटे होते, अगदी किरकोळ. सातव्या महिन्याच्या शेवटी मात्र रेघ एकदम वर गेली होती, कागदाच्या वरच्या कडेपर्यंत, आणि मग दोन महिने हळूहळू उतरत जन्माच्या रेघेपर्यंत आली होती.

"जन्माआधी एकाहत्तर दिवस," ती म्हणाली. "आई तेव्हा इथं होती, मामा. तुझ्याकडे बाळंतपणाला आलेली."

मी हो म्हटलं. मीच आणलं होतं तिला, जीपनं, सातव्यात.

तिनं मग सांगितलं की हे औषध द्राक्षाचं नाही. माझी त्या वर्षीची फवारणीची डायरी तिनं तपासली होती. परदेशात माल पाठवणारे आम्ही लोक, कुठल्या तारखेला काय मारलं त्याची ओळ न् ओळ लिहून ठेवायचो, नाहीतर माल परत यायचा. माझी डायरी स्वच्छ होती. हे औषध भाजीपाल्याचंही नव्हतं. कापसाचं होतं, जुनं, नंतर बंद झालेलं. आमच्या भागात कापूस नाही.

ती हे बोलत होती आणि मला ती बाटली दिसली.

आमच्या आईच्या घरात मुंगीसुद्धा मारायची नाही. पाणी गाळून, जेवण दिवस मावळायच्या आत. खाटेत ढेकूण झाले तर आई खाट अंगणात काढायची, सावलीत, उन्हात नाही, कारण उन्हात ते मरतात. मग काठी आपटून ढेकूण फडक्यावर पाडायची आणि बांधावर नेऊन सोडायची. त्याच बांधापलीकडे मी बागेत एका दिवसाला हजार लिटर औषध मारायचो, पण ते शेत आणि हे घर, असं तिचं होतं. त्या वर्षी बाळंतिणीच्या खोलीतल्या खाटेत ढेकूण फार झाले. दोनदा आईनं बांधावर सोडले, तिसऱ्यांदा पुन्हा तेवढेच. पद्मा दोन दिवसांत येणार होती. तिला रात्रभर ढेकूण चावणार, आणि पोटुशी बाई, हे मला सहन होईना. अथणीकडचा माझा एक मित्र कापूस करायचा. त्यानं बाटली दिली. म्हणाला, ढेकणाला एक नंबर.

सकाळी आई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला गेली तेव्हा मी खाट उभी केली, सांध्यासांध्यात पिसानं औषध भरलं, गादीच्या शिवणीत ओतलं, उरलेलं भिंतीच्या फटींत. खिडक्या लावून घेतल्या. आईला पाप लागू नये म्हणून सांगितलं नाही. पद्मा आली तेव्हा म्हणाली, दादा, वास कसला येतोय? मी म्हटलं, डांबरगोळ्या ठेवल्यात कपड्यांत. ती हसली आणि पाय पसरून त्या गादीवर झोपली. अडीच महिने झोपली. एकही ढेकूण चावला नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की मी ते विसरूनही गेलो. चांगलं काम केलं की माणूस विसरतो.

"मामा," चंदना म्हणाली, "त्या आठवड्यात बाबा इथं आले होते का? औषधाच्या कपड्यांवर वगैरे?"

दाजी आले नव्हते. बारशालाच आले. मला ते चांगलं आठवत होतं, कारण आई त्यावरून बोलली होती. मी चंदनाकडे बघितलं. नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता. मग कुठून आलं?

मी म्हटलं, "आले असतील. त्यांची बायको होती इथं, येणारच की."

तिनं आलेख गुंडाळला. ती म्हणाली, इतकी वर्षं मनात कुठंतरी वाटायचं की आपण उगाच धरून बसलोय, आता तसं वाटणार नाही. केंद्राच्या नोंदीत स्रोताचं नाव लिहावं लागतं, तिथं ती बाबांचं नाव लिहील. मी मान हलवली. मग आम्ही जेवलो. वांग्याची भाजी होती, तिची आवडती, आणि ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

पुढचे आठ दिवस मी स्वतःशी वाद घालत होतो. एक मन म्हणायचं, झालं ते झालं, आता खरं सांगून कुणाचे हात थांबणार आहेत का. दुसरं मन काही म्हणायचंच नाही, नुसतं बसून राहायचं, आणि त्याचाच त्रास जास्त व्हायचा. भीती मला कसली वाटत होती ते मी नीट ओळखून होतो. पापाची नाही. रविवार जाण्याची. दुसऱ्या रविवारी ती आली, मी भाकरी केल्या, ती बोलत होती आणि मला तिचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सोमवारी सकाळी मी शिरोळची बस धरली.

दाजी पडवीत खाटेवर होते. मला बघून उठायला लागले तर मान, हात, गुडघे सगळं एकदम हलायला लागलं. सुनंदाक्कांनी त्यांना धरून बसवलं, मला गूळ-पाणी दिलं आणि आत गेल्या. देवळीत केंद्राचा कागद ठेवला होता. नियमच आहे तसा, ज्याचं नाव लिहिलं त्याला प्रत जाते. दाजींनी तो मला दाखवला. सुनंदाक्कांकडून वाचून घेतला, म्हणाले.

"तारीख बगितलीस का, भूपाल? तवा ती तुझ्याकडं हुती. मी तर आलोच न्हवतो."

माझ्या तोंडात गुळाचा खडा होता, तो विरघळेना.

"पर लिवलंय तर खरं असंल," ते म्हणाले. "यंत्र काय खोटं बोलतंय? आदीचंच काय अंगात ऱ्हायलं असंल तिच्या. माझंच." त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. "मी कॅनॉलवर अंघूळ करून येत हुतो, रोज. कापडं गोठ्यात टाकायचो, घरात आणत न्हवतो. पद्मा पोटुशी ऱ्हायली तवापास्नं मी पडवीत झोपत हुतो. म्हनलं, आपल्या अंगाचा वाससुद्दा नगं तिला. तेवडं सांग की पोरीला. ती माझं ऐकायची न्हाई, तुझं ऐकंल. म्हनावं, चुकलं असंल माझं, पर मी अंघूळ करून येत हुतो."

त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं होतं. त्या माणसानं वीस वर्षं स्वतःकडे तसंच बघितलं. मी तिथंच सांगायला हवं होतं. पाया पडून सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, आधी जिला खोटं सांगितलं तिला सांगावं. की ही पळवाट होती, कोण जाणे. मी येतो म्हटलं आणि निघालो. बस मिरजेवरूनच जाते. मी घरी न जाता मिरजेला उतरलो.

केंद्रात चंदना टेबलाशी बसून एका म्हाताऱ्या बाईची पावती करत होती. ती बाई जाईपर्यंत मी बाकावर थांबलो. मग तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ढेकूण, आई, बस्ती, पीस, गादी, डांबरगोळ्या. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

तिनं कोरा कागद ओढला आणि विचारायला लागली. बाटलीवर काय लिहिलं होतं. रंग कसा होता. किती टोपणं, किती पाणी. पाणी घातलंच नव्हतं, म्हटल्यावर तिनं ते लिहिलं. खिडक्या किती दिवस बंद होत्या. गादी कधी बदलली का. तिचं अक्षर मला उलट्या बाजूनंही ओळखता येतं, पण त्या दिवशी एक शब्द लागेना, इतका तिचा हात हलत होता. मला तो हात धरावासा वाटला. मी धरला नाही.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुला आठवलं होतं?"

"नाही, शपथ. तेव्हा खरंच नाही आठवलं."

"मग कधी आठवलं?"

मी म्हटलं, तू आलेख दाखवलास तेव्हा.

तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं. आणि तू म्हणालास, आले असतील."

"हो."

तिनं लिहिलेल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "ढेकणांचं मी समजू शकते, मामा. आईसाठी केलंस. त्या रविवारचं नाही समजू शकत."

तिनं तिथल्या दुसऱ्या मुलीला सांगून सुट्टी घेतली, पर्स उचलली आणि बसस्टॉपकडे गेली. मी मागे गेलो. शिरोळची बस लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बस सुटेपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तरी हात वर केला. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटलं मी त्यालाच काही म्हणतोय.

त्यानंतर ती आलेली नाही. रविवार येतात. मी भाजी दोघांची करतो, मग सोमवारीही तीच खातो. बातमी मला सुनंदाक्कांच्या फोनवरून कळते. चंदना तिकडंच राहिलीय. बापाला पातळ भात भरवते. तिचा हात हलतो, त्यांची मान हलते, चमचा तोंडापर्यंत जाईपर्यंत अर्धा भात अंगावर सांडतो आणि दोघं हसतात, म्हणाल्या. पोरीनं त्यांना सांगितलंय की ते तुमच्यामुळं नव्हतं, बाबा. कुणामुळं ते नाही सांगितलं. दाजी आता येईल-जाईल त्याला बोलावून सांगतात की ते माझ्यामुळं नव्हतं. मला हे ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि मग फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडलो.

काल दुपारी तिचा स्वतःचा फोन आला. नाव बघून मी इतक्या घाईनं उचलला की तो हातातून पडता पडता राहिला. ती म्हणाली, नोंद दुरुस्त करायचीय. त्याला स्रोताचं निवेदन लागतं, बोलून दिलं तरी चालतं, ती टेप चालू करतेय.

"पूर्ण नाव सांग."

"भूपाल आदगोंडा मगदूम."

"गर्भवती स्त्रीशी नातं?"

"भाऊ."

"औषध वापरण्याचा उद्देश?"

मी विचारलं, काय सांगू. ती म्हणाली, जो होता तो.

"तिला ढेकूण चावू नयेत," मी म्हटलं.

मग लांबून, पडवीतून असावा, दाजींचा आवाज आला. "कुनाचा फोन हाय गं?"

"कुणाचा नाही, बाबा," चंदना म्हणाली. "ऑफिसचं काम आहे."

आणि तिनं फोन ठेवला.